तट्ट्यापलीकडचा वर्ग

आवाज गेलेला मास्तर शाळेत किती दिवस टिकतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याची पोरं त्याला टिकवतील तेवढे दिवस. पोरं बदलली की संपलं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. धुळ्यात देवपूरला, एका गोदामात, तट्ट्याच्या भिंतीला कान लावून मी ते शिकले, आणि तेव्हापासून ते माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. मी मूळची जळगावची. मेहरूणला भावाचं घर. लग्न मोडून मी त्या घरात परत आले तेव्हा भावाने दार उघडलं, पण त्या दिवसापासून वहिनींनी मला वाढताना ‘आणखी हवं का’ असं एकदाही विचारलं नाही. देवपूरच्या हायस्कुलात मराठीची जागा निघाली आणि मी ट्रंक उचलली. शाळेजवळच भाड्याची एक खोली घेतली आणि दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं. सकाळी ते कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचताना मला इतकं बरं वाटायचं की सांगायची लाज वाटते. नोकरी गेली तर ते कुलूप गेलं आणि मी पुन्हा मेहरूणच्या त्या स्वयंपाकघरात, एवढं मला उठता-बसता आठवत असे.

त्या वर्षांत शाळेला पोरांचा पूर आला होता. गरिबाघरच्या मुलांना सरकारने फी माफ केली होती. ज्या घरांतून आजवर सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्या घरांतली पोरं साक्रीकडून, शिरपूरकडून, कुठल्या कुठल्या खेड्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन धुळ्यात उतरली. एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा जण राहायची. आईने भल्या सकाळी बांधलेला भाकरीचा डबा एस.टी.ने यायचा. गाडी चुकली की डबा चुकला, आणि डबा चुकला की ते पोर दिवसभर वर्गात ढिम्म बसायचं. अशा पोराला व्याकरण शिकवून पाहावं एकदा, म्हणजे कळतं.

मुलं वाढली तसे मास्तर वाढायला हवे होते. संस्थेने तट्टे वाढवले. शाळेमागचं कापसाचं जुनं गोदाम भाड्याने घेतलं, मधोमध बांबूचा तट्टा उभा केला, त्याला दोन्हीकडून लिंपून घ्यावं एवढंही कुणाला सुचलं नाही, आणि झाले दोन वर्ग. वर पत्रे. भिंतींच्या सांदीकोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा कापूस, जरा वारा आला की नाकातोंडात जायचा. तट्ट्याच्या अलीकडे मी, पलीकडे नाना, आणि दोन्ही बाजूंना नव्वदीच्या घरात पोरं. बोलायचं म्हणजे ओरडायचंच. संध्याकाळी खोलीवर आल्यावर घरमालकीणबाईंनी काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. त्यांना वाटे, बाई शिष्ट आहे.

नाना भूगोल शिकवायचे. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, धोतर, बंद गळ्याचा कोट, टोपी. शाळेत लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत. ते स्वतः साक्रीकडच्या एका खेड्यातले, त्यामुळे या नव्या पोरांशी सरळ अहिराणीत बोलायचे. बाकीचे आम्ही पोरांची भाषा सुधारायला निघालेले. पोरं आमच्यासमोर तोंड उघडायला घाबरत आणि नानांच्या वर्गात छपराला भिडेल असं ओरडत.

त्यांची शिकवायची तऱ्हा एकच. नकाशा टांगायचा, काठी ठेवायची, प्रश्न विचारायचा. बरोबर उत्तर देणाऱ्याला ‘बस खाली’ म्हणायचं. एवढीच शाबासकी. त्यांच्या आवाजाला धार होती. मी इकडे एखादी हळवी कविता वाचत असायची. ओळीच्या शेवटी मी जरा थांबले की पलीकडून यायचं, “सातपुड्याच्या पलीकडे कोणती नदी?” आणि तट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम उत्तर यायचं, “नर्मदा!” माझा वर्गसुद्धा त्यांचाच. मी डोक्याला हात लावायची. खरं सांगायचं तर मलाही त्यांचे सगळे प्रश्न, ओळीने, पाठ झाले होते.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी त्यांचा आवाज चिरकायला लागला. शिक्षकांच्या खोलीत ते ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायचे आणि विचारलं तर गळ्याकडे बोट दाखवायचे. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितलं होतं. नव्वद पोरांच्या मास्तराला हे सांगायला काय जातं? हळदीच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. दिवाळीच्या सुट्टीत बरं वाटलं म्हणाले. सुट्टीनंतर पुन्हा तेच.

मग एके दिवशी मी फळ्यावर काही लिहीत होते आणि पलीकडून आलं, “काळी माती!” सगळ्यांचा मिळून आवाज. जरा वेळाने, “कापूस!” पुन्हा जरा वेळाने, “लाव्हारसापासून!” माझा हात फळ्यावरच थांबला. उत्तरं येत होती. प्रश्न एकही आला नव्हता.

मला वाटलं, आपल्याच कानांत काही झालं असेल. मी माझ्या वर्गाकडे पाहिलं. तट्ट्याजवळच्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत नव्हत्या, वहीत डोकं खुपसून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी त्या मुलींना विचारलं, “नाना बोलत नाहीत का गं?”

त्यांतली थोरली म्हणाली, “नाना शे ना, बाई.”

“आहेत ते मलाही माहीत आहे. पण बोलतात का?”

“नाना शे,” ती पुन्हा म्हणाली आणि तिने वहीत डोकं घातलं. आहेत म्हणजे आहेत, त्यापुढे विचारायचं नाही, असं तिने मला बजावलंच जणू.

मधल्या सुट्टीनंतर माझा तास नसताना मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. नाना नकाशापाशी उभे होते. काठी त्यांनी खानदेशावर ठेवली, वर्गाकडे वळले, ओठ हलवले. आवाज नाही. नुसते ओठ. आणि नव्वद तोंडांनी उत्तर दिलं. त्यांनी हाताचा तळवा खाली केला, बस खाली. गेल्या वर्षी नापास होऊन मागे राहिलेल्या पोरांना सगळे प्रश्न ठाऊक होते, त्यांनी ते नव्यांना शिकवले होते. काठी कुठे टेकली म्हणजे काय म्हणायचं, हे त्यांनी आपापल्या खोल्यांमध्ये चुलीपुढे बसून घोकलं होतं. नानांचा आवाज गेल्याचं कळलं तर नाना घरी बसणार, एवढं त्यांना न सांगता कळलं होतं. आपल्या भाषेत बोलणारा एकच मास्तर, तो त्यांना जाऊ द्यायचा नव्हता. नव्वद पोरांनी मास्तरचा आवाज गेल्याचं गुपित पोटात ठेवलं. नव्वद मोठ्या माणसांना जमलं नसतं.

मुख्याध्यापक व्हरांड्यातून जायचे आणि खूश व्हायचे. मला बोलावून म्हणाले, “नानांचा वर्ग कसा दणाणतो बघा. तुमच्या वर्गात मात्र सामसूम.” मी बरं म्हटलं. हसू दाबत वर्गावर गेले.

हसू फार दिवस राहिलं नाही. पलीकडून उत्तर आलं की त्याच्या आधीचा प्रश्न माझ्या डोक्यात उमटायचा, आणि तो नानांच्या जुन्या, धारदार आवाजात. तो आवाज आता फक्त माझ्या डोक्यात राहिला होता. मी एकटीच असले तरी तो यायचा. सुट्टीत जळगावला गेले तर मेहरूणच्या तलावाकाठी संध्याकाळी बसल्यावरही तो प्रश्न विचारायचा आणि मी उत्तर देईपर्यंत हटायचा नाही. वहिनी एकदा म्हणाल्या, “ताई, तुम्ही कुणाशी बोलताय?” मी तिथून उठले. मला भीती वाटायची ती याचीच, की माझाही घसा एक दिवस असाच बसेल आणि माझ्यासाठी उत्तरं देणारं कुणी नसेल.

मग पूर ओसरला. खेडोपाडी हायस्कुलं निघाली. चांगलीच गोष्ट झाली, कुणी वाईट म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. कोवळ्या पोरांना शिळ्या भाकरीच्या डब्यावर कोण कशाला जगवेल? पण त्या जूनमध्ये बापांची रांग लागली होती दाखले न्यायला, आणि नाना व्हरांड्यात उभे राहून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होते. पोरं जाताना त्यांच्या पाया पडत होती. नाना कुणाला काही म्हणाले नाहीत. म्हणणार कसे?

गोदाम अर्धं रिकामं झालं. पुढच्या वर्षी आणखी. तट्टा काढून टाकला आणि उरलेली मुलं एकाच वर्गात बसवली. आता मुलं कोण, तर देवपुरात नव्याने झालेल्या वसाहतींमधली. सरकारी नोकरांची, प्राध्यापकांची, बाजारातल्या दुकानदारांची. इस्त्रीचे सदरे, डोक्याला तेल. बोट वर करून, परवानगी घेऊन बोलणारी. शिकवायला सोन्यासारखी मुलं, आवाज चढवायची गरजच नाही. पण नानांचे ओठ हलले की ती एकमेकांकडे बघायची. अडाणी मुलं नव्हती ती. त्यांना प्रश्न ऐकल्याशिवाय उत्तर द्यायची सवय नव्हती, एवढंच. पहिले काही महिने नाना फळ्यावर लिहून भागवायचे. मला आता शाळेच्या इमारतीत वर्ग मिळाला होता, तिथून मी अधूनमधून येऊन काहीतरी निमित्ताने तोंडी उजळणी घेऊन जायची. रोज किती निमित्तं काढणार?

तुकडी तुटली की एक शिक्षक जादा ठरतो, आणि जादा ठरतो तो सगळ्यांत शेवटी लागलेला. म्हणजे मी. तपासनीस साहेब हिवाळ्यात येणार, वर्ग बघणार आणि मग माझा निकाल लागणार, असं ठरलं. एकच गोष्ट मला वाचवू शकत होती. वरचा शिक्षक तब्येतीमुळे घरी बसला, तर खालचा राहतो. शिक्षकांच्या खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माझी झोप उडाली. मला माझं कुलूप हवं होतं आणि मला नानाही हवे होते, आणि दोन्ही मिळणार नव्हतं. नानांचा घसा दुखतोय हे मुख्याध्यापकांना एव्हाना कळलं होतं, पण किती, ते नाही. माझ्याकडून ते कळणार नाही, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. मग मेहरूण तर मेहरूण.

नाना एकदाच माझ्याशी त्याबद्दल बोलले. म्हणजे कुजबुजले. “बाई, निवृत्तीला थोडंच राहिलंय माझं. तेवढं वर्गात निघालं पाहिजे. वर्गाबाहेर मला काही येत नाही.” मी म्हटलं, निघेल.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकापाशी खुर्ची टाकून बसले. शेजारी मुख्याध्यापक, त्यांच्या मागे मी. नाना कोटाची सगळी बटणं लावून आले होते. नकाशा टांगला, काठी टेकली, वर्गाकडे वळले आणि ओठ हलवले. मला प्रश्न ऐकू आला. वर्षानुवर्षं पाठ असलेला प्रश्न, माझ्या डोक्यात. वर्ग शांत. नानांनी पुन्हा ओठ हलवले, मान पुढे केली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने बोट वर केलं, अगदी शिस्तीत उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ऐकू येत नाही.”

काही चुकलं नव्हतं तिचं. हुशार, सरळ पोर होती. पण त्या आधीच्या नव्वद पोरांपैकी एकानेही हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते मला तिच्या तोंडून ऐकवेना. साहेब मुख्याध्यापकांकडे वळले. माझ्या जिभेवर तो प्रश्न येऊन बसला होता. मी उठलेसुद्धा होते, पण नानांनी हात वर करून मला थांबवलं.

त्यांनी काठी टेबलावर ठेवली. बाकांच्या मधून चालत आमच्यापर्यंत आले. साहेबांसमोर वाकून, त्यांना ऐकू जाईल इतपत श्वास ओढून म्हणाले, “आवाज नाही राहिला, साहेब. बाईंचा आहे. त्या शिकवतील.” मग माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे हात केला, आणि शेवटच्या बाकावर मुलांच्या शेजारी सरकून बसले.

मी पुढे गेले. काय करणार होते? मराठीची बाई, भूगोलाचा तास. काठी उचलली आणि नानांचे प्रश्न ओळीने विचारत गेले. मुलं छान उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तराच्या वेळी शेवटच्या बाकावर नानांचेही ओठ हलत होते. मला डोळे पुसायचे होते, पण हातात काठी होती आणि साहेब बघत होते.

नाना दीर्घ रजेवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझी नोकरी राहिली, पुढे किती तरी वर्षं राहिली. कुलूपही राहिलं. त्या कुलपाची किल्ली फिरवताना पूर्वीसारखं बरं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

त्यांच्या घरी जायला मला धीर होत नव्हता. पांझरेचा पूल ओलांडला की जुन्या धुळ्यात, नंबराच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत त्यांचं घर. जायला अर्धा तास लागत नाही, मला वर्ष लागलं. एका रविवारी दुपारी जेवण करून निघाले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. गल्लीत सगळे त्यांना नानी म्हणत. नाना आतल्या खोलीत आडवे झाले होते. उठवू नका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “नही उठाडत. बसा.” आम्ही स्वयंपाकघरात पाटांवर बसलो. त्यांनी चहा टाकला.

“कसे आहेत?” मी विचारलं.

“बठ्ठा दिन चूप ऱ्हातस,” त्या म्हणाल्या. “झोप लागनी का मंग बोलतस.”

मला वाटलं, त्यांचं म्हणणं मला नीट कळलं नाही. “दिवसभर गप्प, आणि झोपेत बोलतात? आवाजात?”

“ठणठणीत. बठ्ठी गल्ली आयकस.”

डॉक्टरांनी म्हणे सांगितलं होतं, घशात आता काही दोष दिसत नाही. जागेपणी मात्र आवाज फुटत नाही तो नाहीच. मी हातातला कप खाली ठेवला. नानी माझ्याकडे न बघता चुलीतलं लाकूड मागे ओढत बोलत राहिल्या. “इचारतस, आन थांबतस. कोन उत्तर दी? पोरे नही शेतस आठे. उत्तर भेटनं नही का तळमळतस. मंग जाग येस आन परत चूप.” त्या माझ्याकडे वळल्या. “माले काय येस? मी शाळानी पायरी कधी चढनू नही. बाई, तुम्ही माले उत्तरे शिकाडी द्या.”

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. तोच. धारदार, एक अक्षर न चिरकलेला. मी किती तरी वर्षांत तो डोक्याबाहेर ऐकला नव्हता.

“पांझरा कोणत्या नदीला मिळते?”

नानींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, दाराकडे तोंड केलं आणि वर्गातल्या मुलीसारखं मोठ्याने म्हटलं, “तापीले.”

मग आतून आवाज आला, “बस खाली.”

त्या बसलेल्याच होत्या. तरी उठून उभ्या राहिल्या, आणि मग बसल्या.